ढेकूण, घर आणि सरकारी फवारणी
(मुंबई राज्यातील एका उपायाचा इतिहास)

भारतातील हिवताप-नियंत्रणाचा इतिहास अनेक अभ्यासकांनी लिहिला आहे. त्यात डासांच्या जाती आहेत, क्विनाइनचे व्यापार आहेत, परदेशी मदतीचे करार आहेत आणि रुग्णसंख्येचे तक्ते तर विपुल आहेत. परंतु ज्या कीटकामुळे खेड्यातील गृहिणीने फवारणी-पथकाला प्रथम आनंदाने दार उघडले आणि पुढे दहा वर्षांच्या आत ते लावून घेण्यास प्रारंभ केला, तो ढेकूण या इतिहासात क्वचित एखाद्या तळटीपेपुरता येतो. यास कारण आहे. ढेकूण रोग पसरवीत नाही. त्यामुळे आरोग्यखात्याच्या दप्तरात त्याला स्थान नव्हते. घरात राहणाऱ्या माणसाचा हिशेब मात्र निराळा होता. डास कोणत्या जातीचा, तो चावल्यावर किती दिवसांनी थंडी भरते, हे त्याला दिसत नव्हते. अंथरुणातला ढेकूण त्याला दिसत होता आणि रात्रभर जाणवतही होता. शासनाने योजलेल्या औषधाची परीक्षा त्याने ढेकणावरून केली. ही परीक्षा कशी झाली आणि तिचा परिणाम काय झाला, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

या कीटकाचे भारतातील वास्तव्य जुने आहे. संस्कृतात त्यास मत्कुण म्हणतात, आणि पंचतंत्रातील मंदविसर्पिणी नावाची ऊ व तिच्या आश्रयास आलेला ढेकूण यांची कथा सर्वपरिचित आहे. राजाला झोप लागण्यापूर्वीच अतिथी ढेकूण त्याला डसतो, सेवक शय्येची झडती घेतात, बिचारी ऊ सापडून मारली जाते आणि अपराधी ढेकूण पलंगाच्या सांध्यात शिरून निसटतो. कथेचे तात्पर्य अपरिचितास आश्रय देऊ नये असे आहे; परंतु कीटकशास्त्राच्या दृष्टीने तिचा शेवट अधिक मोलाचा म्हटला पाहिजे. अंगावर राहणारी ऊ सापडते, फटीत राहणारा ढेकूण सापडत नाही, हे निरीक्षण कथाकाराने अचूक नोंदविले आहे. ढेकूण माणसाच्या अंगावर वस्ती करीत नाही. तो रात्री काही मिनिटांपुरता येतो, रक्त शोषतो आणि लाकडाच्या फटीत, दोरीच्या विणीत अथवा भिंतीच्या भेगेत परत जातो. त्याच्या निर्मूलनाचा सारा प्रश्न या परतण्याच्या जागेशी निगडित आहे.

जगात माणसाच्या घरात वावरणाऱ्या ढेकणांच्या दोन जाती प्रमुख आहेत. एक समशीतोष्ण प्रदेशातील, दुसरी उष्ण प्रदेशातील. महाराष्ट्रातील घरांत आढळतो तो मुख्यतः दुसऱ्या जातीचा. दोहोंचा जीवनक्रम सारखाच आहे. मादी सुमारे एक मिलिमीटर लांबीची पांढुरकी अंडी फटीत चिकटवून ठेवते. उष्ण हवेत ती साधारणतः सहा ते दहा दिवसांत फुटतात. बाहेर पडलेले पिलू पाच वेळा कात टाकून प्रौढ होते आणि प्रत्येक वेळी कात टाकण्यापूर्वी त्यास एकदा तरी रक्त मिळावे लागते. नर, मादी व पिले हे सर्वच रक्तावर जगतात. उपासमार सोसण्याची शक्तीही या कीटकात विलक्षण आहे. थंड हवेत प्रौढ ढेकूण कित्येक महिने अन्नावाचून राहू शकतो. महिनाभर बंद ठेवलेल्या खोलीतील ढेकूण मरून गेले असतील, ही समजूत म्हणूनच बहुधा खोटी ठरते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातील कुटुंबाजवळ जे उपाय होते ते सर्व परतण्याच्या जागेवरच रोखलेले होते. सुंभाने विणलेली बाज भर दुपारी अंगणात नेऊन उन्हात उभी करावी, काही वेळाने जमिनीवर आपटावी आणि खाली पडलेले ढेकूण पायाखाली चिरडावे, हा त्यांतील सर्वांत साधा प्रकार. त्यानंतर चौकटीच्या व पायांच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावयाचे. रॉकेलचा दिवा घरोघर पोचल्यावर पाण्याच्या जोडीस रॉकेलचा बोळा आला. नवारीचा पलंग असल्यास नवार सोडून उकळत्या पाण्यात घालीत. गादी पिंजाऱ्याकडे देऊन कापूस नव्याने पिंजून घेत आणि गोधड्या उकळून वाळवीत. पलंगाच्या चारी पायांखाली पाण्याने भरलेल्या वाट्या ठेवण्याची पद्धतही होती. तिचा उपयोग मुंग्यांविरुद्ध जेवढा होई तेवढाच ढेकणांविरुद्ध. भिंतींतील खिळ्यांची भोके चुन्याने बुजविणे, तसबिरी उतरवून त्यांच्या पाठी झाडणे आणि दिवाळीपूर्वी घरास सफेदी देणे ही कामे वार्षिक साफसफाईतच मोडत असत. वेखंड, कडुनिंबाचा पाला, निरगुडी, तंबाखूचे पाणी हेही योजीत, परंतु त्यांचा गुण तात्पुरता होता.

या घरगुती उपायांचे मूल्यमापन आता निश्चित आकड्यांनी करता येते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनुसार तापमान हळूहळू वाढवीत नेले असता प्रौढ ढेकूण सुमारे 48 अंश सेल्सिअसला मरतात. अंड्यांना मात्र सुमारे 55 अंशांपर्यंत उष्णता लागते. उकळत्या पाण्याचा प्रत्यक्ष स्पर्श झाल्यास दोन्हींचा नाश होतो यात शंका नाही. चैत्र-वैशाखातील ऊन प्रौढ ढेकणांस असह्य होऊन ते बाहेर पळू लागतात, परंतु सांध्याच्या आत, सावलीत राहिलेली अंडी त्यातून सुखरूप सुटू शकतात. आठवड्या-दहा दिवसांनी बाज पुन्हा उन्हात काढावी, असा जो वृद्ध स्त्रियांचा दंडक होता त्याचे मर्म येथे आहे. अंडी फुटण्यास जेवढा काळ लागतो तेवढेच त्या दोन खेपांतील अंतर होते. उपाय बरोबर होता. तो थकविणारा होता आणि कधीही न संपणारा होता, हीच त्याची उणीव. त्याचा भार घरातील स्त्रियांवर पडे, हेही नमूद केले पाहिजे.

शहरात हा उपायदेखील अपुरा पडला. मुंबईत 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि 1920 नंतर विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे 207 चाळी उभारल्या. या चाळींतील खोली सुमारे 160 चौरस फुटांची. एका खोलीत एक कुटुंब राहावे अशी कल्पना होती. प्रत्यक्षात गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपणारे अनेक गडी एकाच खोलीत राहत. बाज उन्हात टाकण्यास अंगण नव्हते, आणि बहुतेकांस बाजही नव्हती. वळकटी भिंतीशी गुंडाळून ठेवलेली असे. एकाने आपली खोली स्वच्छ केली तरी शेजारच्या खोलीतून, सामाईक भिंतीच्या भेगांतून व गावाहून आलेल्या पाहुण्याच्या वळकटीतून ढेकूण परत येत. खेड्यात एका घराचा असलेला हा प्रश्न चाळीत शंभर बिऱ्हाडांचा झाला, आणि शंभर बिऱ्हाडांनी एकाच दिवशी करावयाचा उपाय कोणाच्याच हाती नव्हता.

मारण्याची ही परंपरा सार्वत्रिक होती असे मात्र समजू नये. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम भारतात राहिलेल्या जेम्स फोर्ब्ज याने 1813 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत सुरतेच्या पांजरपोळाचे वर्णन केले आहे. त्यात उंदीर, ढेकूण आदी क्षुद्र जीवांसाठीही स्वतंत्र जागा होती व त्यांच्या पोषणासाठी मोल देऊन भिकाऱ्यांना तेथे एक रात्र निजविले जाई, असे तो म्हणतो. युरोपीय प्रवाशांना अशा गोष्टींची असलेली हौस लक्षात घेता तपशिलावर कितपत विसंबावे हा प्रश्न आहे. तथापि ढेकूण न मारता दूर करावा, निदान मारण्याचे पाप आपल्या हातून घडू नये, ही भावना काही समाजांत दृढ होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

ढेकणाकडे आरोग्यशास्त्राचे लक्ष प्रथम गेले ते संशयित म्हणून. 1907 मध्ये मद्रास येथे पॅटन या लष्करी वैद्यकीय सेवेतील संशोधकाने काळ्या आजाराच्या परोपजीवींची वाढ ढेकणाच्या शरीरात होत असल्याचे प्रतिपादन केले, आणि पुढे कित्येक वर्षे या आजाराचा वाहक ढेकूणच असावा असे मानले जात होते. अखेर 1942 मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट व अँडरसन यांच्या प्रयोगांनी तो दोष वाळूमाशीवर सिद्ध झाला. प्लेगच्या बाबतीतही उंदरावरील पिसवेने ढेकणास असेच निर्दोष ठरविले. विज्ञानाच्या दृष्टीने ही मोठी प्रगती होती. ढेकणांनी त्रस्त झालेल्या माणसाच्या दृष्टीने तिचा अर्थ इतकाच होता की, त्याच्या तक्रारीसाठी आता कोणतेही खाते उरले नाही.

याच काळात इंग्लंडमध्ये घडलेली गोष्ट तुलनेसाठी लक्षात घेण्यासारखी आहे. तेथे 1934 मध्ये आरोग्य मंत्रालयाने ढेकणांविषयी स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला आणि 1936 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात कीटकग्रस्त घरे स्वच्छ करविण्याचे अधिकार स्थानिक संस्थांना मिळाले. गलिच्छ वस्तीतून नव्या घरात जाणाऱ्या कुटुंबाचे सामान वाटेतच विषारी वायूने निर्जंतुक करण्याची व्यवस्था अनेक नगरपालिकांनी केली होती. ढेकूण रोगवाहक आहे की नाही, हा प्रश्न तेथे गौण ठरला. तो घरबांधणीचा प्रश्न मानला गेला. मुंबईच्या चाळींच्या वाट्यास असा विचार आला नाही.

डी. डी. टी.चा प्रवेश या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. हे द्रव्य 1874 मध्ये ओथमार झाइडलर याने प्रथम तयार केले होते. त्याचा कीटकनाशक गुण 1939 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे पॉल म्युलर याने शोधून काढला व त्यासाठी त्यास 1948 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली 1946 मध्ये कारवार व धारवाड जिल्ह्यांतील खेड्यांत घरांच्या आतील भिंतींवर त्याची फवारणी सुरू झाली, आणि पहिल्या वर्षाचे निष्कर्ष विश्वनाथन व टी. रामचंद्र राव यांनी 1947 मध्ये प्रसिद्ध केले. ग्रामीण भागातील हिवताप इतक्या अल्प खर्चात आटोक्यात येऊ शकतो, हे भारतात ज्या प्रयोगांनी दाखविले त्यांत याची गणना अग्रक्रमाने होते. 1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि 1958 मध्ये त्याचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झाले. दरम्यान 1954 मध्ये हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी स्थापन होऊन पुढील वर्षी दिल्ली येथे डी. डी. टी.चे उत्पादनही सुरू झाले.

फवारणी डासांसाठी होती. डास रक्त पिऊन भिंतीवर विसावतो, तेथे विषाचा थर असल्यास मरतो, एवढेच तिचे तत्त्व. परंतु तोच थर ढेकणाच्या वाटेवरही पसरलेला होता. भिंतीच्या भेगेतून अंथरुणाकडे जाणाऱ्या ढेकणास त्यावरून चालत जावेच लागे. उकळते पाणी ज्याला लागेल त्यालाच मारते, डी. डी. टी. कित्येक महिने भिंतीवर टिकून राहते. अंड्यांवर त्याचा परिणाम होत नसला तरी अंड्यातून बाहेर आलेले पिलू पहिल्याच फेरीत त्यावर पाय ठेवी. ज्या गोष्टीसाठी घरातील स्त्रीला दर आठवड्यास बाज बाहेर काढावी लागे ती गोष्ट एका फवारणीने आपोआप होऊ लागली. ढेकूण मेले, पिसवा मेल्या, माश्याही कमी झाल्या. फवारणीच्या पहिल्या वर्षांत लोकांनी जे सहकार्य दिले त्याचे श्रेय हिवतापाच्या प्रचारपत्रकांपेक्षा या अनपेक्षित लाभाला अधिक दिले पाहिजे. हिवताप कमी झाला हे कळण्यास एक हंगाम जावा लागतो. ढेकूण गेले हे दुसऱ्याच रात्री कळते.

हा लाभ फार काळ टिकला नाही. 1947 मध्येच हवाई बेटांवरील पर्ल हार्बर येथील नौदलाच्या बराकींत डी. डी. टी.ला दाद न देणारे ढेकूण आढळले होते. 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुंबई राज्यातील ढेकणांतही हीच प्रतिकारशक्ती दिसून आली. असे इतक्या लवकर का घडावे, याचे उत्तर ढेकणाच्या राहणीत आहे. डासाच्या अळ्या घराबाहेर पाण्यात वाढतात. विषाशी संबंध येतो तो घरात शिरणाऱ्या प्रौढ डासांचाच, आणि फवारणी न झालेल्या जागी वाढलेले डास त्यांच्यात सतत मिसळत राहतात. ढेकणाची सारी आयुष्यरेषा मात्र एका घरात संपते. नर, मादी, पिले सर्वांनाच विषावरून चालावे लागते, आणि बाहेरून नवे ढेकूण क्वचितच येतात. जे थोडे उपजत गुणामुळे वाचतात त्यांचीच संतती त्या घरात उरते. फवारणी जितकी नेमाने होईल तितकी ही निवड जलद होते. पथकाची कार्यक्षमताच येथे ढेकणास साहाय्यक ठरली, असे म्हणावे लागते.

याहून विचित्र गोष्ट पुढे घडली. जो ढेकूण डी. डी. टी.ने मरत नाही तो त्याने अस्वस्थ मात्र होतो. थरावर पाय पडताच तो फटीतून बाहेर येऊन सैरावैरा धावू लागतो, कधी दिवसाउजेडीही. फवारणी झाल्यावर भिंतीवर एकाएकी ढेकूण हिंडताना दिसू लागले, आणि गावकऱ्यांनी त्यावरून स्वाभाविक अनुमान काढले की, औषधामुळे ढेकूण वाढतात. पर्यवेक्षकांनी ही अडाणी समजूत म्हणून सोडून दिली. वास्तविक पाहता त्यातील निरीक्षण खरे होते. चूक फक्त कारणाच्या उकलीत होती. जे ढेकूण आधी फटीत दडून होते ते आता डोळ्यांसमोर आले होते आणि मरत नव्हते, एवढे सत्य गावकऱ्याने अधिकाऱ्याच्या अगोदर जाणले होते. अशा तक्रारी केवळ या राज्यातून आल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या काळातील साहित्यात त्या अनेक देशांतून आलेल्या दिसतात.

परिणाम दारावर दिसू लागला. फवारणीसाठी घरातील सर्व सामान बाहेर काढावे लागे, धान्याची मडकी व पाण्याची भांडी झाकावी लागत, देवघर हलवावे लागे आणि भिंतींवर पांढरट डाग राहत. ढेकूण मरत होते तोवर हा त्रास सोसण्यास लोक तयार होते. ते मरेनासे झाल्यावर तोच त्रास निरर्थक वाटू लागला. कोणी पथक येण्याच्या दिवशी घरास कुलूप लावून शेतावर जाई, कोणी ओसरीपुरती फवारणी करू देऊन माजघराची वाट अडवी, तर कोणी फवारणीनंतर काही दिवसांतच भिंती लिंपून वा पोतारून विषाचा थर झाकून टाकी. यांपैकी शेवटची कृती बहुधा विरोध म्हणून नव्हे, सणासुदीच्या रिवाजानुसार होत असे. परंतु डासाच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच. नकार व कुलूपबंद घरे या गोष्टी फवारणीच्या नोंदींत नित्याच्या झाल्या. घरे गाळली गेली की त्या घरांच्या भिंतींवर डास निर्वेध विसावणार, हे उघड आहे.

तथापि या गोष्टीचे महत्त्व अवाजवी वाढविणेही योग्य होणार नाही. 1965 मध्ये देशातील हिवतापाच्या रुग्णांची नोंद सुमारे एक लाखापर्यंत खाली आली होती, ती 1976 मध्ये सुमारे 64 लाख 70 हजारांवर गेली. या पुनरागमनास डासांतील प्रतिकारशक्ती, कीटकनाशकांचा अपुरा व उशिरा होणारा पुरवठा, शहरांकडे झालेले दुर्लक्ष आणि देखरेखीतील शैथिल्य अशी अनेक कारणे होती. लोकांचा नकार हे त्यांपैकी एक कारण, आणि ढेकूण हे त्या नकाराचे एक कारण; याहून अधिक दावा पुराव्यात बसत नाही. परंतु कालक्रम नजरेआड करता येत नाही. ग्रामीण हिवतापाच्या प्रमुख वाहक डासात डी. डी. टी.विषयी प्रतिकारशक्ती 1959 मध्ये तत्कालीन मुंबई राज्यातील पंचमहाल जिल्ह्यात प्रथम आढळली. त्याच राज्यातील ढेकणांत ती त्यापूर्वी काही वर्षे दिसलेली होती. ढेकणातील बदलाने डासातील बदल घडत नाही, दोन्ही घटना स्वतंत्र आहेत. पण एकाच भिंतीवर, एकाच विषाने दोन कीटकांची निवड चालू होती आणि त्यांतील वेगाने बदलणाऱ्या कीटकाची वार्ता घराघरांतून तक्रारीच्या रूपाने येत होती. ती तक्रार जनतेच्या सहकार्याचा प्रश्न म्हणून हाताळली गेली, आणि तीवर उपाय म्हणून अधिक प्रचार योजण्यात आला. कीटकाविषयीची माहिती म्हणून तिच्याकडे पाहिले गेले असते तर निर्मूलन कार्यक्रम यशस्वी झाला असता, असे नाही. एका औषधावर विसंबण्यातील धोका मात्र काही वर्षे आधी उमगला असता.

घरगुती ढेकूण यानंतर पुन्हा घराच्याच माथी आला. दुकानांतून मिळणारी बाटलीबंद द्रव्ये, बहुधा सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय, शहरांत घरोघर दिसू लागली. ती ढेकणास मारीत. परंतु स्वयंपाकाच्या खोलीतच झोपणाऱ्या कुटुंबात अशी बाटली फळीवर असणे हा एक नवा धोका होता. पुढे पायरेथ्रॉइडवर्गीय औषधे आली. ती माणसास तुलनेने सौम्य म्हणून सर्वत्र स्वीकारली गेली. ढेकणाच्या मज्जातंतूंत ज्या ठिकाणी डी. डी. टी. आघात करते त्याच ठिकाणी ही औषधेही करतात, त्यामुळे डी. डी. टी.विरुद्ध निवडला गेलेला बदल त्यांच्याविरुद्धही उपयोगी पडतो. हा बदल घडविणारी जनुकीय स्थाने 2008 मध्ये समशीतोष्ण जातीत निश्चित झाली, आणि उष्ण प्रदेशातील जातीतही पुढे तसेच बदल सापडले. 2000 नंतर युरोप-अमेरिकेतील हॉटेलांत व घरांत ढेकणांचा जो पुनःप्रादुर्भाव झाला त्यामागील एक प्रमुख कारण हे होय. तेथील व्यावसायिक आता खोलीचे तापमान 50 अंशांच्या वर नेऊन काही तास तसेच ठेवतात.

हिवताप-नियंत्रणातही भिंतीवरील फवारणीच्या जोडीस पायरेथ्रॉइड लावलेल्या मच्छरदाण्या आल्या. आफ्रिकेतील खेड्यांत त्या वाटल्या गेल्या तेव्हा त्यांच्या स्वागताचे एक कारण असे नोंदले गेले की, मच्छरदाणी लावल्यावर अंथरुणातील ढेकूण नाहीसे होतात. 2002 मध्ये टांझानियातून प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात, अशा मच्छरदाण्या काही वर्षे वापरलेल्या घरांतील ढेकूण त्या औषधास दाद देत नसल्याचे नमूद आहे.